४.९ की ४.३? हॉटेल आणि ब्रुअरीच्या रेटिंगमागचं गणित



साताऱ्या-सांगलीकडून पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या पोरांच्या ग्रुपमध्ये शनिवारी संध्याकाळी एक वाद ठरलेला असतो. कुठे जायचं? मॅप उघडला जातो, वीस-पंचवीस नावं समोर येतात. एक जण म्हणतो, "हे बघ, ४.९ आहे, इथेच जाऊ." दुसरा म्हणतो, "अरे पण फक्त बारा रिव्ह्यू आहेत. हे दुसरं ४.३ आहे, पण २,६०० लोकांनी दिलंय." मग अर्धा तास तिथेच जातो आणि शेवटी सगळे नेहमीच्याच ठिकाणी जाऊन बसतात.

हा वाद खरं तर दोन मिनिटांत सुटतो. त्यासाठी तो आकडा कसा बनतो, तो कोण बनवतं आणि तो कसा बिघडवला जातो, एवढं माहीत पाहिजे. मी मूळचा साताऱ्याचा, इंजिनिअरिंग सांगलीत केलं आणि आता पुण्यात कोड लिहितो. त्यामुळे पुण्यातल्या ब्रुअरीपासून कराड-सांगली रोडवरच्या ढाब्यापर्यंत सगळीकडे खाऊन झालंय आणि बऱ्याच ठिकाणी रिव्ह्यूही लिहून झालेत. (आपल्याकडे 'हॉटेल' म्हणजे जेवायचं ठिकाण, राहायचं नाही. या लेखातही तसंच धरा.)

आकडा येतो कुठून?

गुगल मॅप्सवर जे रेटिंग दिसतं ती सगळ्या दिसणाऱ्या रेटिंगची सरासरी असते. पाचवीत शिकलेलीच सरासरी: सगळे स्टार मिळवायचे, माणसांच्या संख्येने भागायचं. झोमॅटोवर थोडा फरक आहे. तिथे बसून जेवण्याचं रेटिंग वेगळं आणि डिलिव्हरीचं वेगळं दिसतं. त्यामुळे घरी मागवलेल्या बिर्याणीचं रेटिंग बघून तिथे जाऊन बसायचं ठरवू नका. तो आकडा पॅकिंगचा आणि डिलिव्हरीवाल्या दादाच्या स्पीडचाही असतो.

अजून एक गोष्ट. मॅपवर यादीत सगळ्यात वर जे नाव येतं ते सगळ्यात चांगलं असेलच असं नाही. गुगल तीन गोष्टी बघून क्रम लावतं: तुम्ही जे शोधलं त्याच्याशी ते ठिकाण किती जुळतं, ते तुमच्यापासून किती लांब आहे आणि ते किती प्रसिद्ध आहे. शिवाय 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असेल तर ती सरळसरळ जाहिरात आहे.

आता ४.९ आणि ४.३ कडे येऊ. बारा जणांनी ४.९ दिलेत. या बारात मालकाचा भाऊ, दोन मित्र आणि वेटरचा चुलतभाऊ असायला किती वेळ लागतो? सरासरीला हे कळत नाही. म्हणून आम्ही सॉफ्टवेअरवाले एक साधी युक्ती वापरतो, तिला बेझियन ॲव्हरेज म्हणतात. प्रत्येक ठिकाणाला सुरुवातीलाच काही काल्पनिक 'सर्वसाधारण' रिव्ह्यू देऊन टाकायचे. समजा, ३.८ चे वीस रिव्ह्यू. मग खरे रिव्ह्यू त्यात मिळवायचे.

पहिलं ठिकाण: १२ × ४.९ = ५८.८. त्यात २० × ३.८ = ७६ मिळवले, झाले १३४.८. भागिले ३२. उत्तर ४.२१.
दुसरं ठिकाण: २,६०० × ४.३ = ११,१८०. त्यात ७६ मिळवले, झाले ११,२५६. भागिले २,६२०. उत्तर ४.३०.

म्हणजे दुसऱ्या मित्राचं बरोबर होतं. ४.९ वालं ठिकाण वाईट आहे असं इथे कुणी म्हणत नाहीये, त्याच्याबद्दल अजून आपल्याला पुरेसं माहीत नाही इतकंच. आयएमडीबीची टॉप २५० सिनेमांची यादी याच पद्धतीने लागते, नाहीतर दहा मतं पडलेला कुठलाही सिनेमा पहिला आला असता.

तीन रागावलेली माणसं आणि एकवीस खूश माणसं

हे गणित उलट बाजूने बघितलं की मामला गंभीर होतो. सांगलीत एखाद्या गल्लीत छोटी खानावळ आहे, काकू आणि त्यांचा मुलगा चालवतात. मॅपवर २४ रिव्ह्यू, रेटिंग ४.५. एका रात्री तीन मित्र येतात, काहीतरी वाजतं आणि तिघेही रागात एक-एक स्टार ठोकून जातात. बेरीज होती १०८, झाली १११. भागिले २७, म्हणजे ४.१.

आता ते पुन्हा ४.५ वर आणायला किती पाच-स्टार लागतील? एकवीस. करून बघा: १११ अधिक १०५ म्हणजे २१६, भागिले ४८, बरोबर ४.५. त्या खानावळीला आत्तापर्यंतचे सगळे मिळून २४ रिव्ह्यू यायला दोन-तीन वर्षं लागली असतील. आणखी एकवीस कधी येणार?

तेच तिघे पुण्यातल्या २,६०० रिव्ह्यूवाल्या ब्रुअरीवर रागावले असते तर आकडा ४.३ चा ४.३ च राहिला असता. तिथे दाखवलेला आकडा ४.२ व्हायला चाळीसच्या वर एक-स्टार लागतात. म्हणजे तुमचं तेच एक बोट मोठ्या ठिकाणी समुद्रात खडा टाकतं आणि आपल्या गावाकडच्या छोट्या ठिकाणी विहिरीत धोंडा.

याचा धंद्यावर खरंच परिणाम होतो का? हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी अमेरिकेत सिॲटल शहरातल्या हॉटेलांचं उत्पन्न आणि 'येल्प' या रिव्ह्यू साइटवरचं त्यांचं रेटिंग शेजारी ठेवून अभ्यास केला होता. एक स्टार वाढला की उत्पन्न साधारण ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं त्यात दिसलं. त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढची आहे: हा परिणाम एकट्या मालकाच्या हॉटेलांवर होता, मोठ्या साखळी हॉटेलांवर नाही. बरोबरच आहे. पिझ्झ्याच्या चेनमध्ये काय मिळणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. अनोळखी ढाब्यापुढे गाडी लावायची की नाही हे मात्र लोक आकडा बघून ठरवतात.

रिव्ह्यू लिहितं कोण?

बहुतेक लोक जेवतात, बिल देतात आणि विसरून जातात. लिहितात ते एकतर फार खूश झालेले किंवा फार तापलेले. म्हणून कुठल्याही ठिकाणाचा तो पिवळ्या पट्ट्यांचा आलेख बघितला तर पाच स्टारची पट्टी लांब, एक स्टारची त्यापेक्षा लहान पण ठळक आणि मधल्या पट्ट्या किरकोळ असतात. 'ठीकठाक होतं' असं वाटणारा माणूस फोन काढतच नाही.

साताऱ्यात यात अजून एक भर पडते, ती सीझनची. कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलं आली की शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्या दोन दिवसांत साताऱ्यातल्या हॉटेलांवर जे रिव्ह्यू पडतात त्यात 'एक तास थांबलो', 'पार्किंग नाही', 'एसी नाही' हेच जास्त. मंगळवारी दुपारी त्याच हॉटेलात तुम्ही गेलात तर दहा मिनिटांत ताट समोर येईल. म्हणून रिव्ह्यू वाचताना तारीख आणि वार बघा. तुम्ही ज्या दिवशी जाणार आहात तसल्याच दिवसाचा रिव्ह्यू तुमच्या कामाचा.

केळ्याचा वास, अख्खे दाणे आणि तपकिरी पेढा

आता ब्रुअरी. (महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण पाहिजे. ज्यांचं नाही त्यांनी हा भाग ज्ञान म्हणून वाचा.)

पुण्यात ब्रुअरीचं वेड 'डूलाली'पासून धरायला हरकत नाही, ती २००९ मध्ये सुरू झाली. गंमत म्हणजे हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. इंग्रजांच्या काळात देवळालीच्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत सैनिक कंटाळून वेडेपिसे व्हायचे, त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला असा शब्दच पडला. नंतर मुंढवा, कोरेगाव पार्क या भागांत इंडिपेंडन्स, एफिनगट अशी नावं आली आणि आता वीकेंडला आयटीवाल्यांची तिथे जत्रा असते.

ब्रुअरीच्या रिव्ह्यूत एक तक्रार वारंवार दिसते: 'बिअरला केळ्याचा वास येत होता, खराब होती, एक स्टार.' आता गंमत ऐका. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला, म्हणजे हेफेवायझनला, केळ्याचा आणि लवंगेचा वास यायलाच पाहिजे. तिच्यात वापरलेलं यीस्ट आयसोअमिल ॲसिटेट नावाचं रसायन तयार करतं आणि पिकलेल्या केळ्यातही तेच असतं. ती गढूळ दिसते, कारण ती बहुतेक वेळा गाळलेली नसते. म्हणजे ब्रुअरने काम बरोबर केलं आणि मार्क कापले गेले.

आपल्याकडे हेच अख्खा मसूरचं होतं. कराड-सांगली पट्ट्यातला हा पदार्थ बाहेरचा माणूस पहिल्यांदा खातो आणि लिहितो, 'डाळ नीट घोटलेली नव्हती, दाणे तसेच.' अहो, नावातच अख्खा आहे! सातारी कंदी पेढ्याबद्दलही 'रंग तपकिरी आहे, जळल्यासारखा लागतो' असं लिहिलेलं सापडतं. खवा खरपूस भाजलेला असतो म्हणून तो रंग आणि ती चव, त्यासाठीच तर तो पेढा घ्यायचा.

म्हणून माझा नियम असा: कमी स्टारवाला रिव्ह्यू वाचताना स्टार बाजूला ठेवायचे आणि तक्रार कशाची आहे ते बघायचं. 'तिखटजाळ होतं' हे सांगलीकराने लिहिलं असेल तर बहुतेक कौतुक आहे, दुसऱ्या कुणी लिहिलं असेल तर इशारा. मशीन ट्रान्सलेशनची तर इथे पार दांडी उडते. 'नाद खुळा मटण' याचं भाषांतर वाचून परराज्यातला माणूस काय समजत असेल देव जाणे.

ब्रुअरीबद्दल अजून दोन गोष्टी. तिथली बिअर टाकीतून थेट येते, दर बॅच थोडी वेगळी असते आणि बोर्डावरची नावं सीझनप्रमाणे बदलतात. दोन वर्षांपूर्वीच्या रिव्ह्यूतली आंब्याची बिअर आज असेलच असं नाही. त्यामुळे 'सर्वात नवीन' असा क्रम लावूनच वाचा. दुसरं म्हणजे बिल. मेन्यूवरचा भाव आणि बिलाचा आकडा यात फरक पडतो, कारण साधारण रेस्टॉरंटमध्ये खाण्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. आणि सर्व्हिस चार्ज हा कर नाहीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे म्हणणं कायम ठेवलं. काढायला सांगा. 'टॅक्सच्या नावाखाली लुटतात' असं लिहिण्याआधी बिलावरच्या तीन ओळी वेगवेगळ्या वाचा.

खोटे रिव्ह्यू ओळखायचे कसे?

२०१७ मध्ये लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या घरामागच्या शेडचं 'द शेड ॲट डलविच' असं नाव देऊन ट्रिपॲडव्हायझरवर रेस्टॉरंट म्हणून नोंद केली. जेवण नाही, टेबल नाही, काही नाही. मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले. काही महिन्यांत ते लंडनमधलं पहिल्या नंबरचं रेस्टॉरंट झालं आणि लोक बुकिंगसाठी फोन करत होते!

गुगलच्याच सांगण्यानुसार त्यांनी २०२३ मध्ये मॅप्स आणि सर्चवरचे १७ कोटींहून जास्त नियमबाह्य रिव्ह्यू अडवले किंवा काढले. मशीनला जमतं तेवढं मशीन करतं. बाकीचं तुमच्या अंगठ्याने होतं:

रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या नावावर टॅप करा. त्याने आजवर एकच रिव्ह्यू दिलाय का? किंवा एकाच दिवसात नागपूर, कोची आणि सांगलीत जेवलाय का? मग सोडून द्या. नंतर तारखा बघा. सहा महिने शांतता आणि एकाच आठवड्यात तीस पाच-स्टार, सगळ्यांत 'उत्तम चव आणि आपुलकीची सेवा' हेच शब्द, तर ते विकत घेतलेले असण्याची शक्यता मोठी. खरा माणूस पदार्थाचं नाव लिहितो, भाव लिहितो, वेटरने पाणी उशिरा आणलं हेही लिहितो. फोटोंमध्ये मालकाने टाकलेले आणि ग्राहकांनी टाकलेले वेगळे बघा. ताटाचा खरा आकार ग्राहकाच्या हललेल्या फोटोतच दिसतो. आणि रिव्ह्यूमधल्या शोध-चौकटीत तुम्हाला हवा तो पदार्थ टाका, देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत एकदा, कारण आपले लोक दोन्हीत लिहितात.

टेबलावर क्यूआर कोड ठेवून 'रिव्ह्यू द्या' म्हणणं चालतं. पण 'पाच स्टार द्या, गुलाबजाम फ्री' हे गुगलच्या नियमाविरुद्ध आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानकही काढलं, त्यातही पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू चालत नाहीत. पण ते पाळणं ऐच्छिक आहे, त्यामुळे त्याचा धाक किती ते तुम्हीच समजा. गुलाबजाम मात्र पैसे देऊन खा.

'रिव्ह्यू द्या, ५० रुपये कमवा'

खोटे रिव्ह्यू कधी कधी आपल्यासारखीच पोरं लिहितात, आणि हा भाग नीट वाचा. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून मेसेज येतो: 'घरबसल्या पार्ट टाइम काम, हॉटेलांना गुगल मॅप्सवर पाच स्टार द्यायचे, प्रत्येकी ५० रुपये.' तुम्ही तीन रिव्ह्यू देता, स्क्रीनशॉट पाठवता आणि खरंच १५० रुपये खात्यात येतात. तिथे विश्वास बसतो. मग टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतात. ग्रुपमध्ये शंभर लोक 'मला आज ८,००० मिळाले' म्हणत असतात, त्यातले बहुतेक त्यांचेच. आता 'प्रीपेड टास्क': १,००० भरा, १,३०० मिळतील. मिळतात. मग ५,०००, मग २०,०००. स्क्रीनवर तुमची शिल्लक वाढताना दिसते, पण काढायला गेलात की 'आधी टॅक्स भरा', 'टास्क अपूर्ण आहे, अजून ४०,००० भरा'. शिल्लक म्हणजे त्यांच्या वेबसाइटवरचा नुसता आकडा असतो, पैसा कधीच गेलेला असतो.

यात इंजिनिअर, बँकवाले, शिक्षक सगळे सापडलेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने असल्या टास्क आणि पार्ट टाइम जॉबच्या फसवणुकीच्या शंभरहून जास्त वेबसाइट बंद केल्या होत्या. नवीन उघडायला किती वेळ लागतो?

अजून एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्हाला सुरुवातीला मिळालेले ते १५० रुपये दुसऱ्या कुणाला तरी लुटून आलेले असू शकतात. त्या माणसाने तक्रार केली की पैसा ज्या-ज्या खात्यांतून फिरला ती खाती गोठवली जाऊ शकतात, त्यात तुमचंही. गावाकडून आई-बाबांनी मेसचे पैसे त्याच खात्यात पाठवलेले असतील तर काय होईल विचार करा.

गुगल रिव्ह्यूसाठी कुणालाही पैसे देत नाही. लोकल गाइड्समध्ये फक्त पॉइंट आणि बॅज मिळतात: रिव्ह्यूला १०, नुसत्या रेटिंगला १, फोटोला ५. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसा पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. घरी कळेल म्हणून दोन दिवस गप्प बसू नका.

मग आपण लिहायचं कसं?

मराठीत लिहा, बोलता तसं लिहा. 'छान आहे' आणि 'बकवास' यातून पुढच्या माणसाला काही मिळत नाही. हा नमुना बघा:

'रविवार दुपारी दीड वाजता चौघे गेलो. अख्खा मसूर, भाकरी, दही घेतलं. मसूर झकास, तिखट मध्यम. भाकरी यायला पंचवीस मिनिटं लागली, गर्दी होती. माणशी १८० रुपये. दहा गाड्यांचं पार्किंग. बाथरूम स्वच्छ. पैसे यूपीआयने घेतात, पण रेंज कमी आहे, सुटे ठेवा.'

आठच वाक्यं आहेत, पण यात पुढच्या माणसाचे सगळे प्रश्न संपतात. ब्रुअरीबद्दल लिहिताना बिअरचं नाव, ग्लास केवढा, त्याचा करासकट भाव आणि गाणी किती मोठ्याने लावलेली हे लिहा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण मुंढव्यातल्या काही ठिकाणी शेजारच्याशी बोलायलाही व्हॉट्सॲप लागतं.

जे डोळ्याने बघितलं तेच लिहा. 'इथे शिळं देतात' यापेक्षा 'मला दिलेल्या पनीरला आंबट वास येत होता, सांगितल्यावर बदलून दिलं' हे खरं आणि उपयोगी आहे. पोट बिघडण्याइतकं काही झालं असेल तर रिव्ह्यूवर थांबू नका, बिलावर किंवा भिंतीवर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर असतो, तो घेऊन 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार करा. रिव्ह्यूने रेटिंग पडेल, किचन तपासायला माणूस त्या तक्रारीनेच येईल.

आणि छोट्या ठिकाणी एक स्टार द्यायची वेळ आलीच तर आधी गल्ल्यावर बसलेल्या मालकाला सांगून बघा. काका बहुतेक वेळा लगेच ताट बदलून देतात. तरीही लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण रात्री साडेअकराला गाडीत बसून नको, दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि पुढच्या वेळी सुधारणा दिसली तर मॅप्समध्ये आपल्या प्रोफाइलवर जा, 'रिव्ह्यू' उघडा, तीन टिंबांवर टॅप करून 'एडिट' करा. जुना एक स्टार जाऊन नवीन रेटिंग बसतं आणि वरच्या उदाहरणातल्या काकूंना एकवीसऐवजी तेराच नवीन खूश गिऱ्हाइकं लागतात, कारण १ चे ५ झाले की बेरजेत चार वाढतात आणि भागणारी संख्या तीच राहते. करून बघा: ११५ अधिक ६५ म्हणजे १८०, भागिले ४०, बरोबर ४.५.